चंगळवादी कोण?

धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत विषयपत्रिकेवर काहीही असो, शेवटी चहा आला की बोलणे एकाच गोष्टीवर येऊन ठेपते. 'फादर, हल्लीच्या मुलांना पैशाची किंमत उरलेली नाही.' मग प्रत्येकजण आपापल्या घरचा दाखला देतो. कोणाच्या मुलीने एका महिन्यात तीन जोडी पादत्राणे मागवली. कोणाच्या नातवाला दोन वर्षे वापरलेला, चांगला चालता फोन चारचौघांत बाहेर काढायची लाज वाटते. मीही कित्येक वर्षे या संभाषणात मान डोलावीत आलो. इतकेच नव्हे, तर प्रायश्चित्तकाळातील निदान एक प्रवचन तरुणांच्या चंगळवादावर खर्ची घालण्याचा माझा परिपाठच होता. 'चंगळवाद' हा शब्द आम्हां प्रवचनकारांच्या मोठ्या सोयीचा आहे. तो उच्चारला की दोष कोणाचा, हे निराळे सांगावे लागत नाही. दाराशी उभी असलेली मुले ते समजून घेतात आणि पुढच्या बाकांवरील वडीलधाऱ्यांना बरे वाटते.

यंदा ते प्रवचन मी दिले नाही. का दिले नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी धर्मग्रामातील एक गृहस्थ भेटीस आले. (हे बोलणे ओसरीवर झाले आहे आणि त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने मी ते सांगतो आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोठेही लिहीत नाही, हे जाणत्या वाचकांना सांगायला नकोच.) थोडीशी वाडी, चार केळी, थोडी भाजी आणि कारखान्यातील नोकरीवर संसार केलेला हा माणूस. उभ्या आयुष्यात कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत. त्यांच्या घरी आठवडाभर एका अनोळखी माणसाचे फोन येत होते. भाषा अरेरावीची. शेवटी कळले, की एकोणीस वर्षांच्या मुलाने बहात्तर हजार रुपयांचा फोन हप्त्याने घेतला होता. दरमहा चार हजार, अठरा महिने. मुलगा कॉलेज सांभाळून संध्याकाळी एका मॉलमध्ये काम करीत होता, तोवर हप्ते गेले. परीक्षा आली, काम सुटले, तीन हप्ते थकले. दंड चढला. आईने हातातली एक बांगडी गहाण ठेवली, ती नवऱ्याला न सांगता. गृहस्थांना फोनचे दुःख नव्हते, त्या बांगडीचे होते. 'पोरगा वाया गेला, फादर. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा.'

मुलगा आला. मी दोन शब्द तयार ठेवलेच होते. पण आधी सहज विचारले, 'अरे, एवढा महागाचा फोन कशासाठी?'

'ग्रुपवर फोटो टाकला की कळतं, फादर, कुणाकडे कुठला फोन आहे ते.'

'आणि ही हप्त्याची योजना तुला सांगितली कोणी?'

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, 'आपल्याच मैदानावर, फादर. आपल्या स्पर्धेला त्यांचा मंडप होता ना. एक रुपयाही न भरता फोन न्या, असं लिहिलं होतं. तुम्हीच फीत कापली होती.'

कापली होती. धर्मग्रामाच्या मैदानावर, युवक संघाच्या क्रिकेट स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, पांढरा झगा घालून, हसतमुखाने. छायाचित्रही आहे. तो विक्रेता आमचा मुख्य प्रायोजक होता. सीमारेषेभोवती त्याचे फलक होते, मुलांच्या टी-शर्टांच्या पाठीवर त्याचे नाव होते आणि दर सामन्यानंतर ध्वनिक्षेपकावरून आमचेच स्वयंसेवक त्याच्या योजनेची घोषणा करीत होते. मी तयार ठेवलेले दोन शब्द माझ्यापाशीच राहिले.

त्या दिवसापासून मी हा प्रश्न मनाशी घोळवीत आहे आणि माझे मत आता पक्के झाले आहे. आपली मुले चंगळवादी झाली, हे विधान खोटे आहे. त्यांना गिऱ्हाईक म्हणून घडवले गेले, पद्धतशीर, पैसा ओतून, हुशार माणसांच्या बुद्धीचा वापर करून. आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्या कामाला जागा दिली, वेळ दिला, कधी भाड्याने तर कधी फुकट.

'पण फादर, जाहिरात म्हणजे नुसती माहिती. घ्यायचे की नाही, हे ज्याचे तो ठरवतो.' हा आक्षेप मला परिषदेतच एका सुशिक्षित सदस्याने घेतला. ते स्वतः व्यापारात आहेत, सज्जन आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे मी लागतो.

मालाची माहिती देण्यात पाप नाही. वाडीतली ताजी भाजी टोपलीत घालून पहाटेच्या गाडीने दादर गाठणाऱ्या आपल्या बायका फलाटाबाहेर बसून हाक देतात, तीही जाहिरातच आहे. जाहिरात मुळातच वाईट, असे चर्चनेही कधी म्हटलेले नाही. १९९७ साली समाजसंपर्क माध्यमांसाठीच्या परमगुरूंच्या परिषदेने जाहिरातीच्या नीतिमत्तेवर एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात जाहिरातीची उपयुक्तता आधी मान्य केली आहे आणि मग तीन कसोट्या लावल्या आहेत: सत्य, माणसाची प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी. भाजीवालीची हाक तिन्हींना उतरते. मेथी ताजी आहे की नाही, हे गिऱ्हाईक पेंडी हातात घेऊन पाहू शकते. मेथी घेतली नाहीस तर तुला मैत्रिणी उरणार नाहीत, असे भाजीवाली सांगत नाही.

माझ्या व्यापारी मित्रांनी १९२९ सालच्या ईस्टरची हकिकत जरूर लक्षात घ्यावी. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे लोकांना रुचत नसे. म्हणजे निम्मा बाजार बंद. एका मोठ्या तंबाखू कंपनीने एडवर्ड बर्नेज या गृहस्थाला हाताशी धरले. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचा हा भाचा. ३१ मार्च १९२९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर नवी वस्त्रे लेवून लोक मिरवीत होते. त्या गर्दीत बर्नेजने जमवलेल्या काही तरुणी शिरल्या आणि सर्वांदेखत त्यांनी सिगारेटी पेटवल्या. वृत्तपत्रांना आगाऊ वर्दी होतीच. त्या सिगारेटींना नाव दिले होते 'स्वातंत्र्याच्या मशाली'. दुसऱ्या दिवशी ती बातमी म्हणून छापून आली. जाहिरात म्हणून नव्हे, बातमी म्हणून!

यात माहिती कोठे आहे? तंबाखू कसली, किंमत काय, प्रकृतीला काय होईल, यातले एक अक्षर नाही. त्या देशातील स्त्रियांना १९२० साली, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, देशभर मताधिकार मिळाला होता. बरोबरीने वागवले जावे, ही त्यांची भूक खरी होती आणि प्रामाणिक होती. बर्नेजने ती भूक उचलली आणि तिच्या टोकाला सिगारेट बांधली. पुढची शंभर वर्षे या धंद्याचे मूळ तंत्र हेच राहिले आहे. माणसाच्या मनात आधीच असलेली एखादी रास्त इच्छा शोधायची, ती थोडी दुखवायची आणि औषध म्हणून आपली वस्तू पुढे करायची.

आता माझ्या धर्मग्रामातील त्या मुलाकडे पाहा. त्याला आपल्या बरोबरीच्या मुलांत मान हवा होता. एकोणिसाव्या वर्षी तो कोणाला नको असतो? मला हवा होता. म्हणून प्रवचनात त्या इच्छेचीच टिंगल करणे हा अन्याय आहे. सेमिनरीत आम्हाला मोहाची पहिली गोष्ट शिकवताना सगळा भर हव्वेवर असे: तिने फळ पाहिले, तिला ते रम्य वाटले, तिने ते तोडले. सर्पाचे वक्तव्य मात्र आम्ही कधी नीट तपासले नाही. फळाच्या चवीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तुमच्यापाशी जे नाही ते दुसऱ्या कोणापाशी आहे, आणि ते तुमच्यापासून मुद्दाम दडवले आहे, एवढेच तो सुचवतो.

ज्येष्ठांनीही फार वर मान करू नये. आमच्या आईबापांच्या साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी कोणी पाहिली होती? हिरा म्हणजे चिरंतन प्रेम, हे समीकरण १९४७ साली एका अमेरिकन जाहिरात संस्थेतील लेखिकेने डी बीअर्स या हिरे कंपनीसाठी लिहिलेल्या एका ओळीतून रुजले. आज माझ्यापुढे आशीर्वादासाठी तशा अंगठ्या येतात, त्या मुलांच्या हट्टापायी येतात तितक्याच सोयऱ्यांच्या तोलामोलासाठी येतात. गोरेपणाच्या मलमाचेही तेच. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आले आणि त्याच्या नावातील गोरेपणा जायला २०२० साल उजाडावे लागले. ही पंचेचाळीस वर्षे ते खपले, ते काय फक्त कंपनीच्या चातुर्याने? विवाहविषयक छोट्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द कोण घालीत होते? दृढीकरणाच्या वर्गात सावळ्या मुली शेवटच्या रांगेत बसतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या आपणहून तेथे जाऊन बसलेल्या नाहीत.

कोणी म्हणेल, जाहिराती आमच्याही लहानपणी होत्या, आम्ही कोठे बिघडलो? होत्या. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या. १९८४ साली 'हम लोग' आली, ती या देशातील पहिली प्रायोजित मालिका. तिच्या मागे झटपट शिजणाऱ्या शेवयांची कंपनी उभी होती, आणि समाजप्रबोधनासाठी योजलेल्या त्या मालिकेसोबत त्या शेवया घराघरांत शिजू लागल्या. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या आळीत एकच दूरदर्शन संच होता. त्या घराच्या ओटीवर संध्याकाळी सारी आळी जमे; पुढे आम्ही मुले, मागे बायका, दारात पुरुष. मलाही जाहिरातीतल्या पांढऱ्या बुटांचे वेड लागले होते. ते जाहिरातीतले बूट घालून मुलगा पळे आणि सगळे मागे पडत. पण त्या जाहिरातीच्या वेळी दारात उभे असलेले माझे वडील दर खेपेस एकच शेरा मारीत, 'बूट पळतायत की पोरगा?' सगळी ओटी हसे. मीही हसे, मनात थोडा खट्टू होत.

त्या शेऱ्याची किंमत मला आता कळते आहे. जाहिरात तेव्हा सर्वांसमोर येत असे, ठरावीक वेळी येत असे आणि संपत असे. तिच्या जोडीला घरातल्या कोणाचा तरी आवाज असे. लहान मूल दोन्ही ऐके. १९९१ नंतर परदेशी वाहिन्या आल्या, मग घरात दुसरा संच आला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर अल्प दरातील इंटरनेट प्रत्येकाच्या हातात गेले. आज एकाच घरात चार माणसे चार निरनिराळ्या जाहिराती पाहत असतात. मुलीला रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली काय दाखवले गेले, हे आईला ठाऊक नसते. आईला काय दाखवले गेले, हे मुलीला. वडील शेरा मारणार कशावर? जाहिरात अधिक लबाड झाली हे खरे, पण ती एकांतात शिरली हे अधिक घातक. माझ्या मते सारा फरक येथे पडला.

आणि हा एकांत फसवा आहे. मुलगी फोन उघडते त्या क्षणी तिच्या पडद्यावरील रिकाम्या जागेचा लिलाव होतो. संगणक संगणकांशी बोली लावतात आणि पापणी लवण्याआधी लिलाव संपतो. बोली लावणाऱ्याला तिचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते. तिचे वय, तिचे गाव, काल कोणत्या चित्रावर तिचे बोट थबकले, कोणती वस्तू टोपलीत टाकून तिने पुन्हा बाहेर काढली, एवढे पुरते. मग तीच वस्तू दुसऱ्या दिवशी तिच्या मागे लागते. 'फक्त दोनच नग शिल्लक', 'सवलत संपायला नऊ मिनिटे' असे घड्याळ तिच्या डोळ्यांपुढे उलटे चालू लागते. ते घड्याळ पुष्कळदा खोटे असते. हे माझे म्हणणे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादीच नियमांत घातली, आणि खोटी घाई हा त्यातला एक प्रकार आहे. ज्याला नुसती माहिती द्यायची आहे, त्याला खोटे घड्याळ कशाला लागते, हे माझ्या व्यापारी मित्रांनी मला समजावून द्यावे.

त्यातच आता जाहिरात ही जाहिरात म्हणून येतच नाही. आपल्यासारखीच दिसणारी एखादी मुलगी आपल्या खोलीत बसून खोके उघडते, वस्तू चेहऱ्याजवळ धरते, मैत्रिणीशी बोलावे तसे बोलते. तिला त्याचे पैसे मिळाले आहेत, हे चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि तेवढेही लिहायला जाहिरात मानक परिषदेला २०२१ साली नियमावली काढावी लागली. १९२९ च्या ईस्टरची ती युक्ती आता घरोघरी, चोवीस तास चालू आहे.

कायद्याने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम आले, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना मर्यादा घातल्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करणे यांस मनाई केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोहोंवर बंदी आणणारा कायदा केला. त्याआधीचे कित्येक हंगाम क्रिकेटच्या प्रत्येक षटकामागे त्या खेळांची हाक ऐकू येत होती. इतर देश आपल्या आधी जागे झाले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करता येत नाही. तेथील मुले त्यामुळे काही अज्ञानी राहिली नाहीत.

पण आपल्या घरात कायदा कोठे अडखळतो, हे मी पाहिले आहे. खाते उघडताना जन्मवर्ष विचारले जाते. अकरा वर्षांचे मूल स्वतःला अठरा वर्षांचे करून घेते. आणि ते खोटे वर्ष भरताना पुष्कळदा आई शेजारी बसलेली असते. 'सगळेच भरतात, फादर.' मुलाला खोटी साक्ष द्यायला आपण शिकवले ते त्या क्षणी, आणि बदल्यात कायद्याने दिलेले कवच आपल्याच हाताने काढून घेतले.

हप्त्यांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण खरी जखम तेथे आहे. वस्तूची हाव पूर्वीही होती. पण हाव आणि वस्तू यांच्यामध्ये पैसे साठवण्याचा काळ उभा असे. त्या काळात निम्म्या हावेचा निचरा आपोआप होई. माझ्या पांढऱ्या बुटांसाठी मी दोन मोसम वाट पाहिली आणि दुसऱ्या मोसमात मला ते नकोसे झाले. आता तो काळच काढून टाकला आहे. आधारकार्ड, पॅनकार्ड, एक सही, पाव तासात फोन हातात. 'बिनव्याजी' म्हणतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रकाने स्पष्ट कळवले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज कोठे ना कोठे वसूल होतच असते. त्यानंतर शब्द बदलला, 'नो कॉस्ट' हप्ता आला. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट व्याजापोटी वळती करायची, वर प्रक्रिया शुल्क घ्यायचे, त्या शुल्कावर कर, आणि हप्ता चुकला की दंड. हे सगळे करारात लिहिलेले असते. एकोणीस वर्षांचा मुलगा मैदानावर, सामन्याच्या गोंगाटात, फडफडत्या फलकाखाली उभा राहून करार वाचील, अशी अपेक्षा कोणाची आहे? माझी होती काय? मी तर तो फीत कापण्यापूर्वीही वाचला नव्हता.

मला येथे मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांची आठवण होते. १९१८ साली या धर्मगुरूने वसईत सहकारी पतपेढी उभारली, ती आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सावकाराच्या वहीतून आपल्या शेतकऱ्याचे नाव खोडले जावे, वाजवी दराने कर्ज मिळावे आणि दोन पैसे शिल्लक टाकायची सवय लागावी, हा हेतू. सावकार तेव्हा गावात राहत असे, त्याचे घर ठाऊक असे, त्याच्या तोंडावर बोलता येत असे. आमच्या पूर्वसूरींनी सावकाराशी झुंज घेतली, आणि शंभर वर्षांनी त्यांच्याच झग्याचा वारस सावकाराच्या मंडपाची फीत कापतो. हे वाक्य लिहिताना मला सुख होत नाही.

'मग धर्मग्रामाने करायचे काय? पैसा कोठून आणायचा?' हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. स्पर्धेचा खर्च सुमारे दोन लाख चाळीस हजार होतो. त्यातले दीड लाख त्या एका प्रायोजकाचे होते. सणाच्या स्मरणिकेची ऐंशी पाने असतात, त्यांतली मजकुराची किती, हे एकदा मोजून पाहा; मी मोजली, सव्वीस भरली. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याला छायाचित्रकाराची, मंडपवाल्याची, भेटवस्तूंच्या पाकिटांची जी चढाओढ लागते, तिच्यात लहान मूल काय शिकते? पांढऱ्या वस्त्रातले ते मूल त्या दिवशी दोन गोष्टी एकाच वेळी घेत असते, आणि दुसरी अधिक काळ लक्षात राहते, अशी मला भीती आहे. अशा घरांतील पालक नंतर माझ्याकडे येऊन मुलांना पैशाची किंमत नाही म्हणून सांगतात, तेव्हा काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही.

परिषदेच्या मागच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला: यंदाच्या स्पर्धेला प्रायोजक नको, मैदानावर एकही विक्रेत्याचा मंडप नको, टी-शर्टावर कोणाचे नाव नको. दोन तास वाद झाला. माझे व्यापारी मित्र म्हणाले, फादर, तुम्ही मैदान बंद कराल, फोन थोडेच बंद करणार? मुले घरी जाऊन तेच पाहणार. त्यांचे म्हणणे खरे आहे. फोनमधला लिलाव थांबवणे माझ्या हाती नाही. मैदान माझ्या हाती आहे. तेथे उभा राहणारा विक्रेता धर्मग्रामाच्या नावाने उभा राहतो, आणि त्या मुलाने सही केली ती विक्रेत्यावर विश्वास ठेवून नव्हे, आमच्यावर ठेवून. एका वयोवृद्ध सदस्यांनी विचारले, 'पोरांना विचारलं का कुणी?' कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी युवक संघाला बोलावले. पहिले म्हणणे आले, की टी-शर्ट नसतील तर शेजारच्या धर्मग्रामाची मुले हसतील. दुसरे म्हणणे, की बक्षिसाची रक्कम निम्मी करावी आणि जेवण घराघरांतून डबे आणून करावे. तिसरे म्हणणे त्या मुलाचे होते. तो एका कोपऱ्यात बसला होता. त्याने एवढेच म्हटले, की हप्त्याचे गणित कसे असते हे स्पर्धेच्या आधी एका संध्याकाळी कोणी तरी फळ्यावर मांडून दाखवावे. त्याचा स्वतःचा करार तो घेऊन येईल.

त्या संध्याकाळसाठी बँकेतून निवृत्त झालेल्या एका भगिनींनी होकार दिला आहे. प्रस्ताव परिषदेत एका मताने मंजूर झाला. ते मत अध्यक्ष या नात्याने माझे होते, त्यामुळे विरोधकांची नाराजी अद्याप ओसरलेली नाही. जेवण, मंडप आणि बक्षिसे यांना कात्री लावूनही हिशेबात त्रेसष्ट हजार रुपये कमी पडत आहेत. ज्यांना मदत करावीशी वाटेल त्यांनी ती रविवारच्या मिस्सांनंतर कार्यालयात आणून द्यावी. पावती मिळेल. नाव फलकावर लागणार नाही, ध्वनिक्षेपकावरूनही पुकारले जाणार नाही.